मुतखड्याच्या ऑपरेशननंतर बायकांना जास्त दुखतं का? या प्रश्नामागची गोष्ट

मागच्या वर्षी आमच्या काकांचा मुतखडा काढला आणि यंदा मावशीचा. नवरा-बायको, डॉक्टर तेच, ऑपरेशनही तेच, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालायची, लेझरने खडा फोडायचा आणि नंतर काही दिवसांसाठी स्टेंट ठेवायचा. काका पाचव्या दिवशी कोथरूडहून लक्ष्मी रोडला दुकानात जाऊन बसले. मावशीला स्टेंट होता ते अठरा दिवस नको नको झालं, रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की माझा हात घट्ट धरायची, लघवीला बसली की खालची कळ थेट कमरेत चढायची आणि मग बाथरूमच्या दाराला धरून दोन मिनिटं तशीच उभी. घरातले सगळे म्हणायचे, अगं दोन बाळंतपणं काढलीस की तू, एवढ्याशा नळीचं काय घेऊन बसलीस. मला ते फार लागलं. म्हणून यावर जे जे मिळेल ते वाचत गेले, त्यातलं इथे लिहितेय.

आधी स्टेंट म्हणजे काय ते, कारण बहुतेकांना दुखतं ते खड्याच्या जागी नाही, स्टेंटमुळे. किडनीतून मूत्राशयात येणारी जी मूत्रवाहिनी असते तिच्या आत ही मऊ पोकळ नळी बसवतात, दोन्ही टोकं वेटोळी असतात, एक किडनीत आणि एक मूत्राशयात, म्हणजे जागची हलत नाही. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीला सूज येते, ती बंद होऊ नये म्हणून ही सोय. पण खालचं वेटोळं मूत्राशयाच्या सगळ्यात नाजूक भागावर घासत राहतं, आणि लघवी करताना जो दाब येतो त्याने थोडी लघवी नळीतून उलटी वर किडनीत जाते. मावशी म्हणायची ती कमरेत चढणारी कळ म्हणजे हीच.

आता जुन्या काळापासून. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरी म्हणून मूत्राशयातल्या खड्याचं ऑपरेशन अगदी सविस्तर दिलंय, आणि तिथेच हेही सांगितलंय की कुशल वैद्याच्या हातूनही यशाची खात्री नाही, म्हणून बाकी सगळे उपाय थकले तरच शस्त्र उचलावं. मला त्यातली सगळ्यात विशेष वाटलेली गोष्ट म्हणजे बाईचं ऑपरेशन वेगळं सांगितलंय, गर्भाशय मूत्राशयाला लागून असतं तर शस्त्र वेगळ्या पद्धतीने चालवा, नाहीतर इजा होईल. म्हणजे शरीर वेगळं आहे हे तेव्हाही पक्कं माहीत होतं.

तरी खडा हा पुरुषांचा आजार हे डोक्यात बसलं ते बसलंच. त्याला कारणही होतं. पूर्वी जास्त बोलबाला मूत्राशयातल्या खड्यांचा, आणि बायकांचा मूत्रमार्ग, म्हणजे मूत्राशयातून बाहेर येणारी लघवीची वाट, जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांचा साधारण १८ ते २०, त्यामुळे बायकांचे बारीक खडे आपोआप पडून जायचे आणि वैद्याच्या किंवा सर्जनच्या समोर यायचे ते बहुतेक मुलगे आणि पुरुष. पुढे किडनीतल्या खड्यांचं प्रमाण वाढलं, तरी रुग्ण म्हटलं की डोळ्यासमोर पुरुषच.

नंतर तंत्र फार भराभर बदललं. आतमध्ये राहील असा सिलिकॉनचा स्टेंट १९६७ मध्ये आला, पण तो सरकायचा, १९७८ मध्ये दोन्ही टोकांना वेटोळं असलेला आला, ज्याला आपले डॉक्टर डीजे स्टेंट म्हणतात तो हाच. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीला बारीक छिद्र पाडून खडा काढला, १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकला पहिल्या पेशंटचा खडा चिरफाड न करता बाहेरून शॉकवेव्हने फोडला, मग लांब दुर्बिणी आल्या, नव्वदच्या दशकात खडा फोडणारा होल्मियम लेझर आला. पूर्वी कुशीत मोठी चीर घेऊन महिनाभर पडून राहावं लागायचं, ते दोन दिवसांत घरी. हे खरंच मोठं काम आहे. पण या सगळ्या वर्षांत मोजलं काय, तर खडा किती टक्के निघाला, रक्त किती गेलं, किती दिवसांनी घरी सोडलं. घरी गेल्यावर काय होतं हे विचारायला बराच वेळ लागला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये खास स्टेंटच्या त्रासासाठी प्रश्नावली तयार केली तेव्हा दिसलं की दर दहातल्या साधारण आठ जणांना त्रास होतोच. म्हणजे डीजे स्टेंट येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

त्याच काळात औषधांच्या बाबतीत वेगळंच चाललेलं. थॅलिडोमाइड या गरोदरपणात घेतलेल्या औषधाने बाळांमध्ये व्यंग आल्यानंतर सगळेच धास्तावले होते, आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. हेतू काळजीचा होता, मान्य, पण झालं असं की औषध बाईच्या शरीरात कसं वागतं हे सुरुवातीला तपासलंच जाईना. ते धोरण १९९३ मध्ये बदललं, आणि त्याच वर्षी तिथे सरकारी पैशावरच्या संशोधनात बायका असल्याच पाहिजेत असा कायदा झाला. मग एकेक दिसायला लागलं. १९९६ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात एका विशिष्ट गटातल्या वेदनाशामकांचा बायकांना पुरुषांपेक्षा स्पष्ट जास्त उपयोग झाला. २०१५ मध्ये उंदरांवर दिसलं की जुनाट दुखण्यात नर आणि मादीच्या मज्जारज्जूत चक्क वेगळ्या पेशी काम करतात. आणि दवाखान्यातल्या वागणुकीचंही बाहेर आलं, २००८ च्या फिलाडेल्फियातल्या अभ्यासात इमर्जन्सीत पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना साधारण ४९ मिनिटांत दुखण्याचं औषध मिळालं, बायकांना ६५ मिनिटांनी. दुखण्याचा आकडा दोघांचा जवळपास सारखाच होता.

मधल्या काळात खडेही फक्त पुरुषांचे राहिले नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत १९९४ पर्यंतच्या आकडेवारीत ६.३ टक्के पुरुषांना आणि ४.१ टक्के बायकांना कधी ना कधी खडा झालेला होता, २०१० पर्यंत ते १०.६ आणि ७.१ झालं. वजन, डायबेटीस, खाणंपिणं अशी कारणं सांगतात. तेव्हा ऑपरेशननंतर कोणाला जास्त दुखतं हा प्रश्न आत्ता आत्ता नीट विचारला जातोय, आणि बऱ्याच अभ्यासांत बायका आणि तरुण पेशंट जास्त दुखणं सांगतात. यात हार्मोन किती, नसा किती, आधीचं युरिन इन्फेक्शन किती, हे सुटं करणं अवघड आहे. पण बायका नाजूक म्हणून जास्त सांगतात हे मला अजिबात पटत नाही, कारण उलटही घडतं. काकांना स्टेंट असताना फारसं काही वाटलं नाही, पण तो काढताना दुर्बीण घातली तेव्हा ते टेबलावर अक्षरशः कळवळले आणि घरी येऊन दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. मावशीचा स्टेंट काढला तेव्हा ती दोन मिनिटांत बाहेर आली, म्हणाली झालं पण? मूत्रमार्गाची लांबी आठवली की याचं नवल वाटत नाही.

आणि आपल्याकडे तर बायका जास्त सांगतात हे म्हणणंच मला उलटं वाटतं. याच पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या भाषणात सांगत होत्या की हिंदुस्थानात बाई डॉक्टरची गरज आहे, बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत. त्यांचं स्वतःचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. १८८६ मध्ये एमडी होऊन त्या परत आल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यातच वारल्या, बावीसही पूर्ण नव्हती. आज लेडी डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण सोसणं काही आपल्या घरातून गेलेलं नाही.

ऑपरेशनच्या रात्री सिस्टर आल्या आणि विचारलं, मावशी, दहापैकी किती दुखतंय? मावशी म्हणाली, आहे थोडं. सिस्टरनी ३ लिहिलं आणि गेल्या, त्यांनी तरी दुसरं काय लिहायचं. त्या गेल्यावर बघते तर मावशीने पलंगाचा दांडा इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. पुढे ती ब्रिस्टलची प्रश्नावली वाचल्यावर मी त्यातल्यासारखेच प्रश्न तिला घरी विचारले, आकडा न विचारता. रात्री दुखून किती वेळा उठतेस? चार, ती लगेच म्हणाली, कधी पाच. जिना चढताना दुखतं? हो, मधल्या पायरीवर थांबते. भरलेली बादली उचलवते? नाही उचलवत गं, ती म्हणाली, दोन आठवडे झाले, तांब्या-तांब्याने पाणी नेते मी.