विद्यापीठीय मतवैविध्य कायदा

सरकारी विद्यापीठांत निरनिराळ्या मतांना जागा मिळावी आणि खुली चर्चा अडू नये, यासाठी विधिमंडळाने केलेला कायदा. भारतात असा कायदा नाही. अमेरिकेतील काही राज्यांत व इंग्लंडमध्ये आहे. त्यातले काही कायदे मते मोजू पाहतात, काही व्यासपीठाची वाट मोकळी ठेवतात. दुसरी रीत अधिक टिकाऊ.

फ्लोरिडाच्या २०२१ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांना विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची वार्षिक मतवैविध्य पाहणी बंधनकारक केली. २०२२ च्या पाहणीत शंभरातल्या तीन विद्यार्थ्यांनीही उत्तर दिले नाही, त्यामुळे निष्कर्षाला बूडच उरले नाही. इंडियानाच्या २०२४ च्या कायद्यात कायम प्राध्यापकांचा दर पाच वर्षांनी आढावा घेतात आणि त्यांनी वैचारिक विविधता जोपासली का, हेही तपासतात. अडचण अशी की रसायनशास्त्राच्या तासाला दुसरी बाजू कोणती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक वादाचा धडा उरकून पुढे सरकतो. इंग्लंडच्या २०२३ च्या कायद्याची मुख्य कर्तव्ये ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. त्यातले एक कलम लहान पण कामाचे आहे: अपवादात्मक परिस्थिती वगळता कार्यक्रमाच्या बंदोबस्ताचा खर्च आयोजकांच्या माथी मारता येत नाही.

भारतात आधार राज्यघटनेच्या कलम १९ चा. १९(१)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते, १९(२) त्यावर निर्बंध घालण्याची आठ कारणे मोजून सांगते. ‘वातावरण बिघडेल’ हे त्यांत नाही. ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली घुसवले जाते. राज्य विद्यापीठांचा कायदा करणे राज्याच्या हाती आहे, मात्र उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे केंद्राच्या सूचीत येते. म्हणजे अशी तरतूद नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही मांडता येईल.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव पुढे जोडले गेले. एकाच शहरात महालातले संघ मुख्यालय आणि दीक्षाभूमी, शिवाय वेगळ्या विदर्भाचा जुना वाद. मतभेद इथे बाहेरून आणावे लागत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सामाजिक प्रवर्गांना जागा राखतो, मतांना राखत नाही. मतांना वाट मिळते ती अधिसभेच्या, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटच्या, निवडणुकीतून.

नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडले जातात. पाच जागा खुल्या. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांना प्रत्येकी एक. मतदान पसंतीक्रमाने होते. खुल्या गटात कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, काढताना वैध मतांना सहाने भागून एक मिळवतात: १२,००० वैध मते असतील तर २,००१. म्हणजे सहाव्या हिश्शाची ताकद असलेले छोटे पॅनेलही एक माणूस आत धाडू शकते. राखीव जागा एकेकटी असल्याने तिथे निम्म्यांच्या वर, म्हणजे ६,००१ लागतात, आणि मोठे पॅनेल सगळ्या पाचही खिशात घालते. मते वाया जातात ती मतपत्रिका भरताना: पहिल्या पसंतीचा ‘१’ न लिहिणे, तोच दोन नावांपुढे लिहिणे, आकड्याऐवजी बरोबरची खूण करणे, खाली सही ठोकणे. अशी मतपत्रिका बाद. त्याआधीचा खड्डा मतदार नोंदणीचा. पदवी असली तरी नाव आपोआप यादीत येत नाही, अर्ज भरावा लागतो. ज्या पॅनेलचे कार्यकर्ते घरोघरी अर्ज पोचवतात, त्याचे अर्धे काम तिथेच होते.

विद्यार्थ्यांची बाजू याहून लंगडी. थेट निवडणुका १९९४ च्या कायद्याने बंद झाल्या; २०१६ च्या कायद्याने त्या परत आणण्याची तरतूद केली, पण ती कागदावरच राहिली.

खरी कसोटी सभागृहाच्या परवानगीत लागते. व्याख्यान क्वचितच ‘नाकारले’ म्हणून नाकारले जाते. अर्जावर शेरा पडत नाही, पोलिसांचे पत्र आणा म्हणतात, पोलीस म्हणतात आधी संस्थेचे ना-हरकत आणा, आणि आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या पंख्यांची दुरुस्ती निघते. फलकावर लिहिलेले असते: ‘तांत्रिक कारणास्तव’. त्यामुळे तरतूद लिहायचीच तर ती या चार जागी लिहावी: अर्जाची पोच तारखेसह, सात दिवसांत लेखी निर्णय, नकाराला कलम १९(२) मधले नेमके कारण, आणि मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरणे. अपील ज्याने नकार दिला त्याच्याकडेच नको आणि ते ४८ तासांत निकाली निघावे. वक्त्याचे रेल्वे तिकीट रद्द झाल्यावर आलेला अनुकूल निकाल फाइलला लावायच्याच कामाचा.