विचारधारा की तत्त्वज्ञान? विदर्भातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प आणला आणि विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत एक जुना वाद पुन्हा वर आला. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतल्या नीतिविचारावर, बाबासाहेबांच्या धम्मविचारावर किंवा महानुभाव पंथाच्या आचारधर्मावर ज्या विद्यार्थ्याला काम करायचे आहे, त्याने ते कोणत्या विषयाखाली करायचे? तत्त्वज्ञान, मराठी की विचारधारा (म्हणजे एकाच विचारवंताच्या विचारांचा स्वतंत्र पदव्युत्तर विषय)? प्रश्न फॉर्मवरच्या एका रकान्याचा वाटतो. पण मार्गदर्शक कोण मिळणार, तोंडी परीक्षेला कोण बसणार आणि पुढे कोणत्या विषयात नोकरीसाठी अर्ज करता येणार, हे सगळे त्या रकान्यावर ठरते.

या भागाला तत्त्वचिंतन नवे नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या परिसरात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांची वचने सांभाळली गेली. त्या वचनांच्या 'सूत्रपाठ' या संग्रहात पुढे 'विचार' आणि 'आचार' अशी वेगवेगळी प्रकरणे झाली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ मानणारे पूर्ण दर्शन इथल्या बोलीत मांडले गेले. पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत असल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या मठांबाहेर फारशा वाचल्याच गेल्या नाहीत. कारंजा लाडच्या जैन भांडारातल्या अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या 1930च्या दशकात संपादित होऊन छापल्या गेल्या, आणि षट्खंडागम या प्राचीन जैन ग्रंथाचा पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून बाहेर पडला. त्याआधी माधानच्या प्रज्ञाचक्षू संताने, गुलाबराव महाराजांनी, अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात वेदान्तावर प्रचंड लेखन करून ठेवले होते.

नागपूरचे विद्यापीठ 1923 चे. पण वर सांगितलेल्या साहित्यावर आधुनिक पद्धतीचे काम केले ते बहुतांशी भाषेच्या प्राध्यापकांनी. जैन ग्रंथांचे संपादन अमरावतीच्या सरकारी कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाने, हीरालाल जैन यांनी, हाती घेतले. महानुभाव तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ मलकापूरजवळच्या नरवेल गावातून आलेल्या, मराठी शिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, वि. भि. कोलते यांनी, लिहिला. पुढे ते कुलगुरूही झाले. त्यामुळे 'संतांचे तत्त्वज्ञान' हा मराठी विभागाचाच विषय, अशी सवय पडली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मात्र शंकराचार्य, कान्ट आणि तर्कशास्त्र चालू राहिले. दोन्ही वर्ग एकाच कॉरिडॉरमध्ये भरत, पण एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या दारात सहसा जात नसे.

या पार्श्वभूमीवर आंबेडकर विचारधारा आणि त्यानंतर तुकडोजी महाराज विचारधारा हे स्वतंत्र पदव्युत्तर विषय करण्याचा निर्णय झाला. आजही लोक यावर तावातावाने बोलतात, आणि ते साहजिक आहे. निर्णयामागे ठोस कारण होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चंद्रपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांची नातवंडे विद्यापीठात पोहोचली होती. आपल्या घरात रोज ज्या ग्रंथाचे वाचन होते तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' अभ्यासक्रमात परिशिष्टासारखा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ग्रामगीता 1955 ची. तिचे 41 अध्याय गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे लोकांच्या तोंडी होते, आणि तत्त्वज्ञानाच्या पेपरात तिला जागा नव्हती. स्वतंत्र विषय झाल्याने ही पोरे संशोधनाकडे वळली. इंग्रजीच्या धाकाने जी बाहेर राहिली असती, ती मराठीत प्रबंध लिहू लागली. हे मोठे काम झाले, आणि ते कमी लेखणाऱ्यांनी एकदा खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची वाट कशी होती ते पाहावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वतंत्र विषय झाला तसे शीर्षकांचे साचे पडले: अमक्यांचे शैक्षणिक विचार, तमक्यांचे स्त्रीविषयक विचार. ग्रामगीतेतला 'महिलोन्नती' हा अध्याय घ्यायचा, ओव्या द्यायच्या, अर्थ सांगायचा आणि 'आजच्या काळातील प्रासंगिकता' या प्रकरणावर थांबायचे. ओवीतली भूमिका टिकते का, तिच्यावर आक्षेप काय, हे विचारायची पद्धतच रुजली नाही.

धम्माचे उदाहरण घ्या. बाबासाहेबांनी बुद्धाचा अनात्मवाद मान्य केला, आत्म्याचे संक्रमण नाकारले, आणि तरीही पुनर्जन्माचा अर्थ भौतिक घटकांच्या पुन्हा एकत्र येण्यातून लावला. आत्मा नसेल तर या जन्मीच्या कर्माची जबाबदारी पुढे कुणावर? हा नीतिशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे, आणि विहारात बसलेला म्हातारा माणूसही तो विचारतो. विचारधारेच्या प्रबंधात त्याचे उत्तर सहसा सामाजिक परिवर्तनाच्या प्रकरणात विरून जाते. तत्त्वज्ञानाच्या विभागात हा प्रश्न धसास लागला असता, पण तिथे विद्यार्थीच उरले नाहीत. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले. निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. दोन विभागांत ये-जा ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही.

त्यानंतर बाहेरून, विद्यापीठ अनुदान आयोगाकडून, येणाऱ्या नियमांनी कोंडी वाढवली. 2009 मध्ये पीएच.डी.साठी कोर्सवर्क आले. 2016 च्या नियमांनी एका सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चारच पीएच.डी. विद्यार्थी, अशी मर्यादा घातली. मोठ्या शहरात ती योग्यच. पण ज्या जिल्ह्यात तत्त्वज्ञानाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे चार जागा भरल्या की दार बंद. 2022 मध्ये एम.फिल. संपले. नोकरी सांभाळून छोटे संशोधन करू पाहणाऱ्या शिक्षकांचा तो आधार होता.

गडचिरोलीचे विद्यापीठ 2011 मध्ये झाल्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना नागपूरपर्यंतचे हेलपाटे वाचले. गोंड, माडिया समाजाच्या धर्मकल्पनांवर आतल्या माणसाने काम करण्याची शक्यताही तिथे उघडली. मात्र पेनाची (गोंडांच्या देवाची) पूजा, गोत्र आणि देवसंख्या यांचे नाते हा धर्मचिंतनाचा विषय मानायचा की समाजशास्त्राचा, याचे उत्तर तिथेही मार्गदर्शक कोणत्या विषयाचा आहे यावरच ठरते.

आता एम.ए.च्या शेवटच्या दोन सत्रांत मिळून 10 श्रेयांकांचा प्रकल्प आहे. एक मागणी जोर धरू शकते आणि ती धरावी: विचारधारा किंवा मराठीखाली नोंदलेल्या नीतिविषयक प्रकल्पाला तत्त्वज्ञानाचा एक सहमार्गदर्शक द्यावा, आणि तोंडी परीक्षेलाही तोच बसावा. जिल्ह्यात असा माणूस नसेल तर ऑनलाइन बसवावा. त्यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही की नवे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही. अभ्यासमंडळाच्या एका ठरावाने हे होण्यासारखे आहे.