शिरूर तालुका म्हणजे शिरूर मतदारसंघ नव्हे

निवडणूक आली की तीच चूक पुन्हा सगळीकडे दिसू लागते. जनगणनेतून तालुक्याची लोकसंख्या, अनुसूचित जातींचं प्रमाण आणि साक्षरता उचलायची आणि त्याच नावाच्या विधानसभा मतदारसंघाखाली चिकटवायची. नकाशांचंही तेच. तालुक्यांचा नकाशा उघडून त्यात निकालाचे रंग भरले जातात. नाव एक असलं तरी हद्द एक नसते, आणि हद्द चुकली की तिच्यावर रचलेला प्रत्येक आकडा चुकतो.

तालुका म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. लोकसभेचंही सोपं आहे: महाराष्ट्रात ४८ जागा, प्रत्येकीत सहा विधानसभा मतदारसंघ, आणि एकही विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभांत विभागलेला नसतो. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण आणि महापालिकेचे प्रभाग ही वेगळीच रचना आहे, ती या हिशेबात आणूच नये. खरी अडचण तालुका आणि विधानसभा मतदारसंघ या जोडीत आहे.

तालुका कारभारासाठी असतो, त्यामुळे एक लहान, एक मोठा असला तरी बिघडत नाही. मतदारसंघ मात्र माणसं मोजून कापलेला असतो. परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणं; त्याचा कायदा २००२ चा, आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग, आधार २००१ ची जनगणना आणि अंतिम आदेश २००८ चा. त्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या वर होती. तिला २८८ जागांनी भागलं की एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं येतात. प्रत्येक तुकडा या सरासरीच्या आसपास आणायचा तर तालुके फोडावेच लागतात.

ते फोडले महसूल मंडळांच्या, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या महसुली गटांच्या, रेषेवर, आणि हाच मुद्दा सर्वांत जास्त सुटतो. आदेशातलं मतदारसंघाचं वर्णन वाचा. ‘अमुक तहसील’ एवढंच लिहिलं असेल तर पूर्ण तालुका आत आहे. ‘तहसील (भाग)’ असं असेल तर पुढे महसूल मंडळांची आणि नगरपालिकांची नावं येतात, आणि तेवढाच तुकडा त्या मतदारसंघाचा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचा एक भाग आंबेगाव मतदारसंघात गेला आहे आणि शिरूर मतदारसंघात हवेली तालुक्यातली वाघोली, उरुळी कांचन ही गावं आली आहेत. म्हणून तर तिथले लोक ‘शिरूर-हवेली’ आणि ‘आंबेगाव-शिरूर’ असंच म्हणतात. बोलण्यातली ही नावं अधिकृत नावांपेक्षा अचूक आहेत, आणि नकाशाखाली तीही द्यावीत. कराड उत्तर मतदारसंघात कराडबरोबर सातारा, कोरेगाव आणि खटाव तालुक्यांचेही भाग आहेत. खटाव तालुका माण, कोरेगाव आणि कराड उत्तर या तिघांत वाटला गेला आहे आणि खटाव नावाचा मतदारसंघ आज नाही. ‘खटावचा आमदार कोण?’ या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून देता येत नाही.

दुसरी खोच तारखेची. आदेशात तालुका, मंडळ किंवा वॉर्ड म्हटलं की १५ फेब्रुवारी २००४ रोजी तो जसा होता तसा धरायचा. त्यानंतर कारभाराच्या हद्दी कितीही बदलल्या तरी मतदारसंघ हलत नाही. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण विधानसभेसाठी ती शिरूरमध्येच राहिली. तहसील कार्यालयातून आजची मंडळनिहाय गावयादी आणून काम सुरू केलं तर इथेच फसायला होतं, कारण मधल्या काळात मंडळांचीही फेररचना झाली आहे. खात्रीचा उपाय म्हणजे मतदार यादी. ती मतदान केंद्रानुसार भागांत विभागलेली असते आणि अशा प्रत्येक यादी भागाच्या पहिल्या पानावर गाव आणि तालुका छापलेला असतो. मंडळावरून तयार केलेली गावयादी त्या पानांशी ताडून घ्यावी आणि फरक आढळला तर यादी भाग खरा मानावा.

गावं ठरली की जनगणनेचा प्राथमिक गोषवारा घ्यायचा. त्यात गावनिहाय आणि वॉर्डनिहाय एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयोगट, अनुसूचित जाती व जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढं मिळतं. जोडणी गावाच्या कोडवरूनच करावी, नावावरून कधीही नाही. वडगाव आणि पिंपळगाव एकाच जिल्ह्यात अनेक सापडतात, आणि रोमन लिपीतली स्पेलिंग दर जनगणनेत बदलतात. २०११ चे गावकोड सहा अंकी आहेत, २००१ च्या कोडशी त्यांची सरळ जोडणी होत नाही. तक्त्यात ‘एकूण’, ‘ग्रामीण’ आणि ‘नागरी’ अशा वेगळ्या ओळी असतात. त्या न गाळता बेरीज केली की लोकसंख्या दुप्पट होते. सर्वांत फसवी असतात जनगणना शहरं. तिथे ग्रामपंचायत असते, सातबारा निघतो, पण जनगणना त्यांना नागरी धरते. फक्त ग्रामीण गावांची यादी जोडली तर मंडळातली सर्वांत मोठी वस्तीच हिशेबातून गळते.

टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नये. सगळ्या गावांतले साक्षर एकत्र करावेत आणि सात वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकसंख्येने भागावेत, एकूण लोकसंख्येने नव्हे. घनता हवी असेल तर नकाशा आधी यूटीएममध्ये, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, आणावा. राज्याचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये येतो, ७८ रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ ४४ मध्ये.

आता जे मिळतच नाही त्याबद्दल. २०११ च्या जनगणनेत धर्मनिहाय आकडे तालुका आणि शहर या पातळीपर्यंतच प्रसिद्ध झाले आहेत, गावनिहाय नाहीत. म्हणजे तालुका फोडून बनलेल्या मतदारसंघाची धर्मनिहाय टक्केवारी हा अंदाज असतो आणि तो अंदाज म्हणूनच छापायला हवा. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर जातींचे आकडे त्या जनगणनेत नाहीतच. मतदारसंघातल्या मराठा, माळी, धनगर मतदारांची दशांश चिन्हापर्यंत नेलेली यादी कुणी पुढे केली तर ती कशावरून काढली हे आधी विचारावं. गावपातळीवर वयाचाही ० ते ६ हा एकच गट मिळतो, त्यामुळे १८ वर्षांवरची लोकसंख्या गोषवाऱ्यातून निघत नाही. मतदारसंख्या मतदार यादीतून घ्यायची आणि लोकसंख्येच्या शेजारी वेगळ्या स्तंभात, यादीच्या वर्षासह ठेवायची.

काम झालं की बेरीज जिल्ह्याशी जुळवून पाहावी, पण तीही जुन्या जिल्ह्याशी. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. वाडा तालुका आता पालघरमध्ये आहे, तरी त्याचा काही भाग भिवंडी ग्रामीण आणि शहापूर या ठाण्यातल्या मतदारसंघांत आहे. आजच्या ठाण्याच्या १८ मतदारसंघांची बेरीज आजच्या ठाणे जिल्ह्याशी जुळणारच नाही. पालघरचे ६ मिळवून २४ करा आणि २०११ च्या अखंड ठाण्याच्या १,१०,६०,१४८ या आकड्याशी ताडा. फरक आला तर आधी जनगणना शहरं तपासा, मग वॉर्ड.