नवी जोडी की तीच जोडी? ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांच्या मालिका वाचण्याआधी

इंग्रजीतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांकडे वळणाऱ्या वाचकाची पहिली अडचण मालिकांची असते. सुटे पुस्तक क्वचितच हाती लागते. जे आवडते त्याच्या मुखपृष्ठावर 'भाग तिसरा' किंवा 'भाग सहावा' असे छापलेले असते आणि आधीचे भाग वाचल्याखेरीज त्याला हात लावावा की नाही, हे तिथे कोणी सांगत नाही. या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण 'हिस्टॉरिकल रोमान्स सीरीज' या एका पाटीखाली दोन अगदी वेगळ्या घडणीची पुस्तके विकली जातात. एका प्रकारात प्रत्येक भागाला नवी जोडी असते आणि भागांना बांधणारा धागा कुटुंबाचा किंवा मैत्रीचा असतो. दुसऱ्या प्रकारात एकच जोडी भागामागून भाग पुढे जात राहते. ज्युलिया क्विन यांची ब्रिजर्टन मालिका पहिल्या प्रकारातली आणि डायना गॅबाल्डन यांची आउटलँडर मालिका दुसऱ्या प्रकारातली. दोन्ही पडद्यावर गाजल्या, त्यामुळे एक आवडली की दुसरी वाचण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही, पण अपेक्षा बदलल्याशिवाय तो पाळला तर हिरमोड ठरलेला आहे.

ब्रिजर्टन कुटुंबात आठ भावंडे आहेत आणि त्यांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने ठेवलेली आहेत: अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलॉइझ, फ्रान्सेस्का, ग्रेगरी, हायसिंथ. २००० ते २००६ या काळात प्रत्येकाच्या वाट्याला एक कादंबरी आली. क्रम मात्र वयाचा नाही. मालिका उघडते ती चौथ्या डॅफ्नीपासून, १८१३ सालच्या लंडनमध्ये. प्रत्येक भागात एका भावंडाचे जमते, त्या दोघांमधली अढी सुटते आणि पुस्तक मिटते. पुढच्या भागात तेच दोघे येतात, पण जेवणाच्या टेबलावर बसलेले, सुखी आणि थोडे आगाऊ झालेले भाऊ-वहिनी किंवा बहीण-मेहुणे म्हणून. त्यांच्या संसाराचे काय होईल, ही चिंता आता वाचकाची राहिलेली नसते.

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने या साहित्यप्रकाराच्या दोन अटी सांगितल्या होत्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी हवा. ब्रिजर्टनसारखी मालिका या अटी भागागणिक पाळते. म्हणजे शेवट गोड आहे हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असते आणि तरीही माणसे ही पुस्तके रात्री जागून वाचतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली तेव्हाही माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे शाळकरी मुलालाही माहीत होते. वाचक थांबले नाहीत. शेवट ठाऊक असला की लक्ष 'काय होणार' यावरून 'कसे होणार' याकडे वळते. ब्रिजर्टनच्या वाचनातला सगळा रस त्या 'कसे' मध्ये आहे, आणि म्हणूनच तिथे संवाद खुसखुशीत असावे लागतात. प्रसंग मोठा नसतो. दिवाणखान्यात पाचजण बसलेले असतात, त्यातले दोघे एकमेकांशी बोलायचे टाळत असतात आणि उरलेल्या तिघांना ते कळलेले असते.

आउटलँडरची गोष्ट निराळी. १९९१ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात (ब्रिटनमध्ये ते 'क्रॉस स्टिच' या नावाने निघाले) दुसऱ्या महायुद्धात परिचारिका असलेली क्लेअर युद्धानंतर नवऱ्यासोबत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात येते आणि उभ्या दगडांच्या एका वर्तुळातून १७४३ सालात जाऊन पडते. तिथे इंग्रज अधिकाऱ्याच्या तावडीतून सुटण्यासाठी तिचे जेमी फ्रेझरशी लग्न लावले जाते आणि तेही पुस्तक निम्मे होण्याच्या आत. 'लग्न मध्यावर' एवढ्याने मात्र दोन प्रकारांतला फरक पटत नाही, कारण डॅफ्नीचे लग्नही तिच्या पुस्तकाच्या मध्यावरच होते. खरा फरक पुस्तक मिटल्यानंतरचा आहे. डॅफ्नी आणि तिचा नवरा सायमन बाजूला सरून दुसऱ्यांना जागा देतात. क्लेअर आणि जेमी नऊ जाडजूड खंड झाले तरी मधल्या जागेवरून हललेले नाहीत. नववा खंड २०२१ मध्ये आला, आठव्यानंतर सात वर्षांनी, आणि कथा तिथेही संपलेली नाही.

अशा मालिकेत भागाचा क्रमांक म्हणजे प्रकरणाचा क्रमांक. १९९२ सालचा दुसरा खंड, 'ड्रॅगनफ्लाय इन अँबर', कसा उघडतो ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या खंडाच्या शेवटी क्लेअर जेमीसोबत अठराव्या शतकातच राहिलेली आपण पाहिलेली असते. दुसरा उघडावा तर साल १९६८, गाव इन्व्हर्नेस, आणि क्लेअर वीस वर्षांच्या मुलीला घेऊन एका तरुण इतिहासकाराच्या दारात उभी. कलोडनच्या लढाईतून कोण कोण वाचले, एवढेच तिला विचारायचे आहे. ताटातूट झाली आहे, वीस वर्षे लोटली आहेत आणि हे सगळे कसे घडले ते लेखिका पुढची कित्येक पाने सांगत नाही. पहिला खंड न वाचता इथून सुरुवात करणाऱ्याला हे एका अनोळखी बाईचे चौकशीचे काम वाटेल. ज्याने वाचला आहे त्याच्या पोटात गोळा येतो. तिसऱ्या खंडात एडिनबराच्या छापखान्यात दोघे पुन्हा भेटतात तेव्हा दोघांनीही चाळिशी ओलांडलेली असते आणि तिला पाहून जेमी सरळ बेशुद्ध पडतो. या एका पडण्यामागे दोन हजारांच्या आसपास पाने उभी आहेत. ती पाने वगळून हा प्रसंग वाचला तर तो नुसता विनोदी वाटेल.

इतिहासाचे काम दोन्हीकडे वेगळे आहे, आणि माझ्या मते गल्लत होते ती मुख्यतः इथेच. 'ऐतिहासिक' म्हटले की आपल्याला खऱ्या व्यक्ती, तह, मोहिमा आणि सनावळ्या अपेक्षित असतात. ऐतिहासिक कादंबरीने आपल्याला तशी सवय लावली आहे. ब्रिजर्टनमध्ये हे जवळजवळ नसते. काळ रीजन्सीचा, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलाने राज्य चालवले तो. युरोपात नेपोलियनची युद्धे चालू आहेत, पण तोफांचा आवाज नाचाच्या दालनापर्यंत पोचत नाही. इतिहास येतो तो रीतिरिवाजांच्या रूपाने: किताब आणि इस्टेट थोरल्या मुलाकडेच का जाते, अविवाहित मुलगी बागेत परपुरुषाबरोबर एकटी दिसली तर लग्न का उरकावे लागते, कँटरबरीच्या आर्चबिशपकडून विशेष परवाना मिळवला की चर्चमधल्या तीन आठवड्यांच्या लग्नघोषणांची वाट का पाहावी लागत नाही. कथेला पेच लागतात ते या नियमांमधून, आणि नियम जितके घट्ट तितकी गंमत वाढते.

आउटलँडरमध्ये इतिहास थेट कथानकात घुसतो. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या, सैन्याचा तासाभराच्या आत पाडाव झाला आणि हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागातली, कुळांची जुनी व्यवस्था मोडून काढण्यात आली. क्लेअर विसाव्या शतकातून आलेली असल्यामुळे हे तिला आधीच माहीत आहे आणि वाचकालाही. त्यामुळे इथले गणित उलटे होते: इतिहासाचा शेवट पक्का, जोडीचा मात्र अनिश्चित. ब्रिजर्टनमध्ये जोडीचे भवितव्य पक्के असते आणि इतिहास निरुपद्रवी. पुढच्या खंडांत कथा अमेरिकेत जाते आणि तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाला भिडते, तेव्हाही हेच सूत्र राहते. या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाला १९९२ साली त्याच रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकेचा रीटा पुरस्कार मिळाला, आणि आपली पुस्तके रोमान्स या प्रकारात बसत नाहीत असे गॅबाल्डन मात्र वेळोवेळी सांगत आल्या. दोघांचेही बरोबर आहे. पहिले पुस्तक सुटे धरले तर अटी पूर्ण होतात. मालिका म्हणून धरले तर शेवट अजून आलेलाच नाही.

आता वाचण्याच्या क्रमाविषयी. पहिल्या प्रकारातले पुस्तक कुठूनही उचलावे, असे सांगितले जाते आणि ते बहुतांशी खरे आहे. रेल्वेच्या प्रवासात मित्राने दिलेला पाचवा भाग वाचला तरी एलॉइझची गोष्ट पूर्ण कळते. पण ब्रिजर्टनमध्ये एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. सुरुवातीच्या पुस्तकांत प्रकरणाच्या आरंभी लेडी व्हिसलडाउन नावाच्या अज्ञात बाईच्या भोचक वार्तापत्रातला उतारा असतो, आणि ती कोण हे चौथ्या भागात उघड होते. चौथा आधी वाचला की पहिल्या तीन भागांमधली एक मजा कायमची गेली. शिवाय त्या भागाची नायिका पेनेलपी आधीच्या पुस्तकांमध्ये भिंतीला टेकून उभी असते, आईने निवडलेले न शोभणारे पिवळे कपडे घालून, आणि तिच्याकडे कोणी धड पाहत नाही. वाचकही पाहत नाही. हे दुर्लक्ष आपण स्वतः करून झाल्यावरच चौथ्या भागाला धार येते. तेव्हा पहिले चार क्रमाने वाचावेत आणि पुढचे मर्जीप्रमाणे. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागांतल्या घटना काही अंशी एकाच काळात, १८२४ च्या सुमारास घडतात, त्यामुळे तिथे क्रमाचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. सहाव्यातला नायक मधली वर्षे हिंदुस्थानात काढतो आणि मलेरिया घेऊन मायदेशी परततो, एवढाच आपल्या बाजूचा संबंध.

पडद्यावरचा क्रम पुस्तकांशी जुळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मालिकेच्या तिसऱ्या पर्वाने बेनेडिक्टचे तिसरे पुस्तक मागे ठेवून कॉलिन-पेनेलपीचे चौथे घेतले, आणि व्हिसलडाउनचे गुपित तर पहिल्याच पर्वाच्या शेवटी फोडले. दुसऱ्या पर्वातल्या शर्मा बहिणी मुंबईहून आलेल्या दाखवल्या आहेत आणि त्यांतल्या एडविनाला अवगत असलेल्या भाषांमध्ये मराठीचाही उल्लेख होतो. तो ऐकून पुस्तक उघडणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तिथे शेफील्ड आडनावाच्या दोन इंग्रज मुली भेटतील. (ते साल १८१४ चे; पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता. इतका जवळचा काळ असूनही ही दोन जगे एकमेकांपासून किती दूर वाटतात!)

एक सूचना दोन्हींसाठी. शृंगार उघड आहे, आणि तेवढ्यावर थांबत नाही. ब्रिजर्टनच्या पहिल्या पुस्तकात डॅफ्नी नवऱ्याच्या नशेचा फायदा घेते आणि त्याच्या संमतीविना वागते. या प्रसंगावर वाचकांनी कडक आक्षेप घेतलेले आहेत आणि ते योग्य आहेत. आउटलँडरच्या पहिल्या खंडात नवऱ्याने बायकोला पट्ट्याने मारणे आहे, आणि शेवटाकडे तुरुंगातले लैंगिक अत्याचार सविस्तर येतात. विरंगुळ्यासाठी पुस्तक हवे असेल तर हे आधी माहीत असलेले बरे.

दोन प्रकारांच्या मधेही काही मालिका बसतात. लिसा क्लेपास यांच्या वॉलफ्लॉवर्स मालिकेत (२००४ ते २००६) नाचायला कोणी बोलवत नाही म्हणून खुर्च्यांवर बसून राहिलेल्या चार मुली एकमेकींना नवरा मिळवून देण्याचा करार करतात. जोडी दर भागाला नवी, पण मैत्रीची कथा मात्र चारही भागांतून सलग चालते, म्हणून ती पहिल्यापासूनच वाचावी. त्याच लेखिकेच्या पुढच्या रॅव्हनेल मालिकेत या जोड्यांची मुले मोठी होऊन येतात. तसेच ब्रिजर्टनच्या आधीच्या पिढीवरची रोक्सबी मालिका कालक्रमाने आधीची असली तरी २०१६ पासून प्रकाशित झाली आहे. ती मूळ मालिकेनंतरच वाचावी, कारण तिच्यातल्या खाणाखुणा मूळ आठ पुस्तके वाचलेल्यालाच उमगतात.

सलग मालिका वाचायची आहे, पण आउटलँडरचे खंड पेलवतील की नाही अशी शंका आहे, अशांनी विन्स्टन ग्रॅहॅम यांच्या पोल्डार्कपासून सुरुवात करावी. १७८३ साली अमेरिकेच्या युद्धातून कॉर्नवॉलला परतलेला रॉस, त्याच्या चुलतभावाशी लग्न ठरलेली त्याची जुनी प्रेयसी आणि स्वयंपाकघरातली मोलकरीण म्हणून घरात आलेली डेमेल्झा यांची ही गोष्ट. भाग बारा आहेत, पण पहिले चार १९४५ ते १९५३ मध्ये लिहून ग्रॅहॅम थांबले आणि पाचवा थेट १९७३ साली आला. त्यामुळे चौथ्या भागाच्या अखेरीस, नवरा-बायकोतल्या समेटापाशी, वाचकालाही निःशंकपणे थांबता येते आणि वाटले तर पुढचे आठ भाग सवडीने हाती घेता येतात.