घसा बरा झाला, झडप नाही

लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात थंडीत सगळी पोरं एकाच खोलीत, ओळीने झोपायची. ग्वाल्हेरचा जानेवारी तो. खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. एकाचा घसा धरला की आठवड्याभरात सगळ्यांचा. धाकट्या आत्याचाही धरला आणि मिठाच्या गुळण्यांवर उतरला. तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो ओसरतोय तोवर घोटा. आजीने तेल चोळलं, शेकलं. वाढीचं वय, दुखायचंच. तिशीत जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कळलं की हृदयाची झडप अरुंद झाली आहे.

त्या घशात होता स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, एम प्रथिनाचे. त्यांची ठेवण आपल्या हृदयातल्या मायोसिन या प्रथिनाशी जुळते. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं आणि टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) उभ्या करतं. जंतू मरतो, पण काही मुलांत या पेशी हृदयालाच शत्रू समजून बसतात. हाच रुमॅटिक फीवर. बहुधा 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो. जुने डॉक्टर म्हणत, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाचा चावा घेतो. खरंच आहे ते: सांध्यांची सूज मागमूस न ठेवता जाते, झडपेवरचा व्रण राहतो आणि प्रत्येक नव्या हल्ल्यात वाढतो.

अशी गल्लत इतरत्रही होते. कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबांनंतर क्वचित गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार होऊन पाय लुळे पडतात, कारण त्या जंतूचं आवरण आपल्या मज्जातंतूंसारखं दिसतं. अमेरिकेच्या 1 कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून 2022 मध्ये दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूच्या लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचा धोका 32 पट होतो. जंतूंमुळे अ‍ॅलर्जी वाढते की कमी होते, हे मात्र एका सुरात सांगता येत नाही. तान्हेपणी सर्दीच्या विषाणूने छाती घरघरलेल्या मुलांना पुढे दमा जास्त आढळतो. गोठ्याच्या धुळीत वाढलेल्यांना कमी.

स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरल्यापासून 9 दिवसांत पेनिसिलिन सुरू झालं, तर रुमॅटिक फीवर बहुतेक वेळा टळतो. म्हणून ताप असलेला, गिळवत नसलेला, खोकला नसलेला घसा डॉक्टरांना दाखवाच. गुळण्या चालू असू देत.

आत्याच्या कॅलेंडरवर दर 21व्या दिवसाभोवती लाल गोल असायचा. बेंझाथिन पेनिसिलिनचं दाट, पांढरं औषध जाड सुईतून हळूहळू कमरेत जातं. जुना व्रण त्याने भरत नाही, पुढचा हल्ला तेवढा थांबतो. परतताना टेम्पोत ती एका कुशीवर कलून बसायची.