पाणी आधी की आकडा आधी?

'खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने विसर्ग' अशी बातमी आली की पुणेकर पहिल्यांदा विचारतो, मुठेवरचा बुटका भिडे पूल बुडाला का? आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. तसे शंभर टँकर, दर सेकंदाला, मुठेत ओतले जातायत.

दरवाजे उचलले त्या क्षणी धरणावरून दोन गोष्टी शहराकडे निघतात. एक ते पाणी आणि दुसरा तो आकडा. कायदा, प्राधिकरणं, मंत्रालयातला नियंत्रण कक्ष, पावसाळ्याआधीच्या बैठका हा सगळा डोलारा शेवटी एवढ्यासाठीच असतो, की नदीकाठच्या तळमजल्यावर आकडा आधी पोचावा आणि पाणी नंतर.

पाण्याचा वेग मोजता येतो. भरलेल्या नदीत ते सेकंदाला दोनेक मीटर वाहतं असं धरू, म्हणजे ताशी सात किलोमीटर. पण पुराची लाट पाण्याच्या कणांच्याही पुढे पळते. रुंद पात्रात तिचा वेग पाण्याच्या वेगाच्या साधारण दीडपट किंवा थोडा जास्तच असतो. म्हणून धरणापासून दहाएक किलोमीटरवरच्या वस्तीत पातळी वाढायला तास-सव्वा तास पुरतो.

आता आकड्याचा प्रवास बघा. शाखा अभियंता पातळी वाचतो, पाटबंधारे खात्याचा पूर नियंत्रण कक्ष विसर्ग ठरवतो. तिथून निरोप जिल्हाधिकारी कार्यालयात, महापालिकेच्या आपत्ती कक्षात आणि पोलिसांकडे. महापालिकेकडून क्षेत्रीय कार्यालयात, तिथून प्रभागातल्या कर्मचाऱ्याकडे, त्याच्याकडून सोसायटीच्या अध्यक्षाकडे आणि मग वॉचमनकडे. पहाटे तीनला प्रत्येक टप्प्यावर फोन उचलून, समजून, पुढचा लावायला पंधरा मिनिटं धरली तरी पाच टप्प्यांत सव्वा तास जातो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी बरोबरी. एक फोन सायलेंटवर असला की पाणी जिंकलं.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत आणि निंबजनगरमध्ये सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग ३५ हजारांच्या आसपास होता. नंतर शहरात वाद झाला तो नेमका किती सोडलं आणि कुणाला, केव्हा कळवलं यावरच.

मग पाणी आधीच थोडं थोडं का सोडत नाहीत? खडकवासला हे साखळीतलं शेवटचं आणि सगळ्यात लहान धरण, क्षमता १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्याच्या डोक्यावर वरसगाव (१२.८२), पानशेत (१०.६५) आणि टेमघर (३.७१). ३५ हजार क्युसेकचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, दिवसभर टिकला तर तीन टीएमसी पाणी येतं. म्हणजे खडकवासला पूर्ण रिकामं असलं तरी सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. आणि जुलैच्या शेवटी ते रिकामं नसतंच. वरच्या तीन धरणांत जागा असली तरी त्यांच्या खाली आणि खडकवासल्याच्या वर जो पाणलोट आहे, तिथला पाऊस थेट याच्याच पोटात येतो. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर ०.३५ टीएमसी. दुसरीकडे हेच पाणी शहराला वर्षभर प्यायला आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला लागतं. पाणी आधी सोडलं आणि पाऊस दडी मारून बसला तर त्याच अभियंत्याला उन्हाळ्यात जाब विचारला जातो. जलाशय परिचालन आराखडा म्हणून जो तक्ता असतो, त्यात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे याच ओढाताणीतून ठरलेलं असतं.

आणखी एक गोम आहे. धरणावरचा आकडा म्हणजे शहरातला आकडा नव्हे. धरणाच्या खाली पडणारा पाऊस, आंबिल ओढ्यासारखे ओढे, संगमाशी मुळेचा फुगवटा हे सगळं त्यात मिळतं. मुळेवर मुळशी धरण आहे, तिला दापोडीपाशी पवना मिळते. मुळा फुगलेली असेल तर मुठेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे गेल्या वर्षी २५ हजारांना पाणी पायरीशी थांबलं होतं, म्हणून यंदाही थांबेल, हा हिशेब चुकतो.

कायद्याकडे एकदा धावतं बघून घेऊ. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे करायला सुरुवात केली होती. केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आला तो २००५ मध्ये. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, कार्यकारी समितीचे प्रमुख मुख्य सचिव, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी प्राधिकरणाची तरतूद झाली. ही दुरुस्ती पुण्यासारख्या ठिकाणी गरजेचीच होती. इथे धरण पाटबंधाऱ्यांचं, नाले महापालिकेचे, वीज महावितरणची, वाहतूक पोलिसांची आणि जबाबदारी मात्र जिल्हाधिकाऱ्यांची.

या पदांपेक्षा महत्त्वाचे आहेत ते अधिकार. जिल्हा प्राधिकरण रस्ता बंद करू शकतं, वस्ती हलवू शकतं, खासगी जेसीबी, बस किंवा होडी ताब्यात घेऊ शकतं (मोबदला द्यावा लागतो), आणि निविदेची वाट न पाहता सामान खरेदी करू शकतं. आदेश धुडकावणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्यापायी जीव गेले तर दोन वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात ही कलमं क्वचित वापरावी लागतात. ऐन वेळी अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: जेसीबी मिळतो, चालवणारा मिळत नाही, होडी मिळते, तिच्या इंजिनात गेल्या वर्षीचं पेट्रोल असतं आणि ते चालू होत नाही. म्हणून मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व तयारीत यादी नुसती वाचून चालत नाही. प्रत्येक नंबरावर फोन लावून बघायचा, बोट पाण्यात घालून इंजिन चालवायचं, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघायचे, जनरेटर भारावर अर्धा तास फिरवायचा. तालुक्याच्या यादीत 'पट्टीचे पोहणारे' असा रकाना असतो. त्यातली निम्मी नावं दहा वर्षांपूर्वीची असतील तर ते पोहणारे आता पन्नाशीला आलेत.

पावसाळ्यात जिल्ह्याचा कक्ष चोवीस तास चालू असतो, क्रमांक १०७७. मंत्रालयातल्या राज्याच्या कक्षाचा १०७०. तालुक्यांतून ठरावीक वेळी अहवाल येतात. काहीच घडलं नसेल तर 'निरंक' लिहून पाठवायचं. हा शब्द बाहेरच्याला विनोदी वाटेल, पण तो कामाचा आहे. वेल्ह्यातून 'निरंक' आलं तर तिथे माणूस जागा आहे आणि फोन चालू आहे. काहीच आलं नाही, तर काळजी करायची. बिघाड होतो तो उलट बाजूने: पूर चढत असताना तहसीलदाराकडे एकच माहिती चार कार्यालयं चार नमुन्यांत मागतात आणि तो बचाव सोडून तक्ते भरत बसतो.

यावर राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं दिली. जागेवर एकच कमांडर, त्याच्या हाताखाली तीन शाखा: प्रत्यक्ष बचाव, नियोजन, रसद. माहिती मागणाऱ्याने नियोजन शाखेकडेच मागायची, बोटीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. मदतीला येणारी प्रत्येक गाडी आधी ठरलेल्या तळावर थांबते आणि बोलावल्यावरच पुढे येते. हे पाळलं नाही तर काय होतं? अग्निशमनची गाडी, रुग्णवाहिका, पाहणीला आलेल्यांच्या मोटारी आणि बघ्यांच्या दुचाक्या एकाच गल्लीत अडकतात.

सगळ्यात उपयोगी कागद मात्र साधाच असतो: विसर्ग आणि पायरी यांचा तक्ता. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नियोजनाला ठीक. पण वॉचमनला हवं असतं ते असं: इतक्या हजारांना नदीपात्रातला रस्ता बंद, इतक्यांना पार्किंगमध्ये पाणी, इतक्यांना पंपाचा स्विचबोर्ड भिजणार. असा तक्ता असेल तर 'सावध राहा' असा गोल निरोप धाडावा लागत नाही. 'पहाटे चारपर्यंत पार्किंग बुडेल, गाड्या आत्ता काढा' असं सांगता येतं, आणि लोक उठतात ते अशा निरोपाने. शिवाय निर्णय आधीच झालेला असल्यामुळे रात्री परवानगी मागत बसावं लागत नाही. मग टप्प्याटप्प्याने फोन न करता धरणावरून एकाच वेळी सगळ्यांना निरोप धाडता येतो. २०२३ मध्ये फोनवर मोठ्याने वाजलेला चाचणी संदेश आठवत असेल. तो सेल ब्रॉडकास्ट. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांवर एकदम येतो, नंबर लागत नाही, जाळ्यावर ताण पडत नाही. अट एकच: टॉवरला वीज हवी. बॅटरी काही तासांचीच असते, म्हणून पोलिसांचा बिनतारी संच आणि गाडीवरचा भोंगा अजून रिटायर झालेला नाही.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. २५ जुलै २०२४ च्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पाणी स्विचबोर्डपर्यंत चढण्याआधी त्या भागाचा फीडर, म्हणजे तिथे वीज आणणारी वाहिनी, बंद व्हायला हवा. पण फीडर बंद केला की लिफ्ट बंद, पंप बंद, फोन चार्ज होणं बंद, आणि लोक तक्रार करतात. त्यामुळे हा निर्णयही त्या तक्त्यातच लिहिलेला असला पाहिजे.

उशीर झाला तर गणित किती फिरतं? हवा भरलेल्या रबरी बोटीत एका फेरीत आठ माणसं, जाऊन-येऊन पंधरा मिनिटं. तासाला बत्तीस. दोनशे माणसांच्या एका सोसायटीला सहा तासांहून जास्त. तीच माणसं पाणी घोट्याला असताना चालत निघाली तर अर्ध्या तासात बाहेर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय आणि खडकीला सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंता जवान, आहेत. देशात इतकी मदत हाताशी असलेली शहरं थोडी. तरी सुदुंबऱ्याहून सिंहगड रस्त्यावर यायला मोकळ्या रस्त्याने तास-दीड तास लागतोच. पहिला तास अग्निशमन दलाचा आणि शेजाऱ्यांचा.

जिथे दरवाजाच नाही तिथे आकडा कुठून आणायचा? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा धरणाचा विसर्ग हा इशारा नव्हताच, पाऊस शहरावर आणि कात्रजच्या डोंगरावर पडला होता. ३० जुलै २०१४ ला माळीणवर कडा कोसळला. गाव नाहीसं झाल्याचं आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. १५१ माणसं गेली. अशा ठिकाणी विसर्गाची जागा पर्जन्यमापक घेतो. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस म्हणतं, आणि तीन तासांचा तात्काळ अंदाजही देतं. पण मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ. रात्री दोन तासांत पडलेला १०० मिलिमीटर आणि दिवसभर रिमझिमत पडलेला १०० मिलिमीटर वहीत सारखेच दिसतात. ओढ्याला आणि डोंगराला ते सारखे नसतात. त्यासाठी दर पंधरा मिनिटांचा पाऊस हवा, आणि दरडीच्या गावात उतारावरची नवी भेग किंवा अचानक गढूळ झालेला झरा बघून फोन करणारा माणूस हवा.

पाणी ओसरलं की पंचनामे सुरू होतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान म्हणजे मदतीला पात्र, माणूस दगावला तर वारसांना चार लाख. पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. लोक चिखल धुऊन घर स्वच्छ करतात आणि मग तलाठी येतो, पुरावा गेलेला असतो. म्हणून झाडू लावण्याआधी फोटो काढून ठेवावेत.

पंचनाम्यात एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. भिंतीवरची चिखलाची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून, तारीख आणि त्या वेळचा विसर्ग तिच्यापुढे लिहून ठेवायचा. विसर्ग आणि पायरीचा तक्ता तयार होतो तो अशाच नोंदींतून, दर पुराची एक ओळ. सोसायट्या दिवाळीच्या आत जिना आणि पार्किंग रंगवून घेतात.