बास गिटार: वॅट वाढवण्याआधी

लहान कार्यक्रमात, म्हणजे एखाद्या कॅफेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, आपला आवाज ड्रम्सखाली गाडला जातो आहे असे वाटू लागले की बासवादक बहुधा आधी जास्त वॅटचा अॅम्प (अॅम्प्लिफायर) शोधू लागतो. हा खर्च अनेकदा चुकीच्या जागी होतो. बासचा आवाज तारेत, बोटात, स्पीकरच्या पडद्यात आणि ऐकणाऱ्याच्या कानात घडतो. वॅटचा क्रमांक या सर्वांनंतर लागतो, आणि तसे का याचे उत्तर ध्वनिशास्त्रात स्पष्ट मिळते.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की तिची मूळ वारंवारता ४१.२ हर्ट्झ असते आणि हवेत तिची तरंगलांबी सुमारे ८.३ मीटर भरते. इतक्या खालच्या स्वराला आपला कान फारसा दाद देत नाही. १००० हर्ट्झचा स्वर निरोगी कानाला जवळजवळ शून्य डेसिबलपासून ऐकू येऊ लागतो. ४० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवण्यासाठी सुमारे ५० डेसिबल लागतात. कानाचा हा कल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून आलेखांत मांडला. मग लहानशा कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, जे ६०-७० हर्ट्झच्या खाली आधीच ढेपाळते, आपल्याला ई कसा ऐकू येतो? तार ४१ हर्ट्झबरोबरच ८२, १२४, १६५ असे उपस्वरही देत असते, आणि त्या उपस्वरांमधले समान अंतर ओळखून आपली श्रवणयंत्रणा गैरहजर मूळ स्वर स्वतःच उभा करते. जर्मनीतल्या ऑगस्ट झेबेक यांनी १८४०च्या दशकात सायरनवर प्रयोग करून या घटनेकडे लक्ष वेधले होते. बासवादकाने यातून घ्यायचे ते एवढेच की श्रोत्याला स्वर ओळखू येतो तो मुख्यतः ८० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातून, आणि सुधारणेची सुरुवातही तिथूनच करायला हवी.

त्या पट्ट्यावर सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त परिणाम तारांचा होतो. गोल वेटोळ्याच्या, म्हणजे गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या, तारेच्या खाचांत घाम, तेल आणि त्वचेचे कण साचतात. त्यामुळे तारेतले अंतर्गत घर्षण वाढते, वरचे उपस्वर छेडल्याबरोबर विरतात आणि वजन सगळीकडे सारखे न राहिल्याने वरच्या पडद्यांवरचे (फ्रेट्सवरचे) स्वरही किंचित सरकतात. कोकणासारख्या दमट हवेत हे लवकर घडते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसण्याची सवय तिथे खरोखर पैसे वाचवते. सपाट वेटोळ्याच्या तारेत खाचाच नसल्याने तिचा स्वर मुळातच गोल आणि मऊ असतो व तो दीर्घकाळ तसाच राहतो. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमरसन अशाच तारा वापरत आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसत. तेव्हा नवी तार चांगली आणि जुनी वाईट असा नियम नाही; आपल्याला कोणते उपस्वर हवेत हे ठरवून तार निवडावी.

तार कुठे छेडतो यालाही तितकेच महत्त्व आहे, आणि येथे पैसा मुळीच लागत नाही. ज्या बिंदूवर तार छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, येते, ते उपस्वर निर्माण होत नाहीत, हा नियम थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो. तारेच्या एकचतुर्थांश अंतरावर छेडले तर (मूळ स्वर पहिला धरून) चौथा आणि आठवा उपस्वर नाहीसा होतो; बोटे घोडीकडे सरकवली की वरचे उपस्वर वाढतात आणि स्वर घट्ट, टोकदार होतो. तंबोऱ्यावर मात्र हा नियम मोडतो, कारण जवारीच्या वक्र घोडीवर तार सतत घासत राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात हे दाखवून दिले. मिरजेचा कारागीर जे जवारी लावून साधतो, त्याचा एक अंश बासवरही आढळतो: तारांची उंची कमी ठेवून जोरात छेडले की तार पडद्यांवर आपटते आणि धातूचा खणखणाट घेऊन वरचे उपस्वर जागे होतात. गर्दीच्या हॉलमध्ये हा खणखणाट स्वराला सुरुवातीची धार देतो. संथ गाण्यात तो खटकतो, तेव्हा तारा थोड्या उचलाव्यात.

पिकअपची, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाची, उंचीही स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येते. पिकअप तारेच्या जवळ नेला की आवाज मोठा होतो, पण फार जवळ नेल्यास त्यातले चुंबक तारेला ओढू लागते आणि वरच्या पडद्यांवर स्वर डगमगतो. अंगचा प्रीअॅम्प (संकेत आधीच वाढवणारा परिपथ) नसलेल्या बासमध्ये पिकअपची गुंडाळी आणि केबलची धारकता मिळून काही हजार हर्ट्झपाशी अनुनाद तयार होतो. केबल जितकी लांब, तितका तो खाली सरकतो आणि वरची झळाळी कमी होते. लहान मंचावर दहा मीटरची केबल वापरण्याचे कारण नाही. टोनच्या नॉबमागे साधारणतः ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्याचे मूल्य बदलले तर फरक पडतो, परंतु त्याच मूल्याचा महागडा कपॅसिटर बसवून ऐकण्याजोगा फरक पडेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

आता अॅम्प. वॅट दुप्पट केले की ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. ३०० वॅटचा अॅम्प विकून ५०० वॅटचा घेतला तर हाती येतात जेमतेम २.२ डेसिबल. उलट ९२ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एक वॅटला एक मीटरवर मिळणाऱ्या ध्वनिपातळीच्या) स्पीकरऐवजी ९८ डेसिबलचा घेतला, तर त्याच अॅम्पमधून चौपट वॅट घेतल्यासारखा लाभ होतो. म्हणून विकत घेताना कॅबिनेटचा हा आकडा आधी वाचावा.

स्पीकरचा पडदा हवा ढकलतो, आणि स्वर एक सप्तक खाली गेला की तोच आवाज राखण्यासाठी पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. लहान स्पीकर येथेच थकतो. वॅट शिल्लक असूनही पडद्याची धाव संपते आणि आवाज फाटतो. यावर उपाय क्षेत्रफळाचा. १० इंची दोन स्पीकरांचे क्षेत्रफळ १२ इंची एकापेक्षा बरेच जास्त आणि १५ इंची एकाच्या जवळपास असते. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५१ साली प्रिसिजन बास बाहेर पडला, तेव्हा बासला पुरेल असा स्पीकर मिळणे हीच मोठी अडचण होती. १९६९ साली अॅम्पेग कंपनीने एसव्हीटी आणला, तोही ३०० वॅटच्या निर्वात नळ्यांच्या अॅम्पबरोबर १० इंची स्पीकरांची कॅबिनेटे जोडून. तो संच उचलायला माणसे लागत. आज निओडिमियमच्या चुंबकांमुळे स्पीकर हलके झाले आहेत, आणि वीज फारशी वाया न घालवणाऱ्या क्लास डी परिपथामुळे ५०० वॅटचा अॅम्प दोन-तीन किलोंत मावतो. कॅबिनेटच्या आकाराला मात्र अशी पळवाट नाही. स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीचे अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एकत्र मिळतात. लहान कार्यक्रमासाठी मी खोल खर्ज सोडेन, कारण तो उभा करण्याचे काम कान करतोच.

याच कारणासाठी बासचा नॉब सावधपणे फिरवावा. ४० हर्ट्झला ६ डेसिबल उचलले की तेथे चौपट वॅट खर्ची पडतात आणि पडद्याची धाव दुप्पट होते, आणि श्रोत्याला मिळते ती फक्त घुमघुम. ३५-४० हर्ट्झच्या खालचे कापणारा हायपास फिल्टर लावला आणि ४०० ते ८०० हर्ट्झचा भाग थोडा उचलला, तर तोच अॅम्प बँडमध्ये स्पष्ट ऐकू येतो. एकट्याने घरी वाजवताना हा स्वर रुक्ष वाटेल. त्याची परीक्षा ड्रम्स चालू असतानाच घ्यावी.

दुसरे कॅबिनेट जोडायचे असल्यास ८ ओहमची दोन कॅबिनेटे मिळून ४ ओहम होतात, आणि अॅम्प तेवढे झेपवतो का हे मागच्या पट्टीवर वाचून घ्यावे. स्पीकरला जाणारी केबलही स्पीकरचीच असावी, गिटारची नव्हे. दोन्ही कॅबिनेटे शेजारी न ठेवता एकावर एक रचली की आवाज खोलीत रुंद आणि सारखा पसरतो, शिवाय वरचा स्पीकर वादकाच्या कानाच्या उंचीला येतो.

खोलीचा हिशेबही चुकवता येत नाही. कॅबिनेटचा स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटर पुढे असेल तर भिंतीवरून परतलेला ध्वनी सुमारे ८६ हर्ट्झला मूळ ध्वनीशी उलट्या कलेत (एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) भेटतो आणि त्याला खाऊन टाकतो. कॅबिनेट भिंतीला टेकवले की हा खड्डा वर सरकतो आणि खालचा भाग भरून येतो. कोपऱ्यात तो इतका भरतो की घुमायला लागतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ आणि ६९ हर्ट्झला स्थिर तरंग उभे राहतात, म्हणजे ए तारेच्या चौथ्या पडद्यावरचा सी शार्प इतर स्वरांच्या डोक्यावर चढून बसतो. अशा वेळी पूर्ण खर्ज न उतरवता तेवढाच अरुंद पट्टा कापावा, किंवा कॅबिनेट अर्धा मीटर हलवून पुन्हा ऐकावे.

हॉल मोठा असेल आणि तिथे स्वतःची ध्वनियंत्रणा असेल, तर डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) बास थेट मिक्सरला द्यावा आणि मंचावरचा अॅम्प वादक व ड्रमर यांना ऐकू येण्यापुरता ठेवावा. त्यावरचा खर्जही उतरवावा, कारण सबवूफरचा (फक्त खर्ज देणाऱ्या स्पीकरचा) खर्ज सर्व दिशांना पसरतो आणि मंचावर परतून येतोच.